परका ठरण्याची तारीख

पिंपरी कॅम्पात कापड घ्यायला गेलं की आई दुकानदाराशी तासभर घासाघीस करायची. हे लोक मूळचे कुठले, असं मी लहानपणी एकदा तिला विचारलं. ‘सिंधी आहेत, फाळणीत आले,’ एवढं सांगून ती पुन्हा भावाकडे वळली. वझीरा झमिनदार यांचं ‘द लाँग पार्टिशन अँड द मेकिंग ऑफ मॉडर्न साउथ एशिया’ (२००७) वाचल्यापासून ते उत्तर मला पुरेनासं झालं आहे.

आपल्या इमिग्रेशन ब्युरोचा इतिहास सहसा १९७१ पासून, म्हणजे त्याच्या स्थापनेपासून सांगतात. झमिनदार यांचं पुस्तक ब्युरोवर नाही. पण ते वाचल्यावर या इतिहासाची सुरुवात मागे सरकते. फाळणी १९४७ मध्ये संपली नाही, ती पुढे कितीतरी वर्षं कचेऱ्यांतून चालू राहिली, हे त्यांचं म्हणणं. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही रेघ मारली. त्याआधी येऊन इथे राहिलेला नागरिक झाला. नंतरच्याला सहा महिने राहून, अर्ज करून अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागली. ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आला. गंमत म्हणजे १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातल्या ‘परकीय’च्या व्याख्येत पाकिस्तानी नागरिक १९५७ च्या दुरुस्तीपर्यंत बसतच नव्हता. म्हणजे माणूस जागचा न हलताही परका ठरू शकत होता. दिल्ली-कराचीतल्या दुभंगलेल्या कुटुंबांच्या मुलाखती आणि सरकारी कागद शेजारी ठेवून लेखिका हे दाखवतात, तिथे पुस्तक फार प्रभावी होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकाचा भर दिल्ली आणि कराचीतल्या मुस्लिम कुटुंबांवर आहे. त्यामुळे कागदाचा जाच फक्त सरकारला संशयित वाटणाऱ्यांनाच झाला, असा वाचकाचा समज होऊ शकतो. पिंपरीचं प्रकरण त्यात असतं, तर ‘आपलं’ म्हणून स्वीकारलेल्यांचंही ताटकळणं दिसलं असतं. ते अजून चालू आहे. पाकिस्तानातून नंतर आलेल्या सिंधी हिंदूंना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं काढावी लागली. २०१६ मध्ये केंद्राने अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यात पुणे होतं.

चाकणच्या एका कारखान्यात मी काही वर्षं परदेशी इंजिनियरांची कागदपत्रं सांभाळत होतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. २०१८ पासून हे काम ऑनलाइन झालं. साहेबाला कचेरीची पायरीही चढावी लागत नसे. त्याच्या वतीने कंपनी होती, मी होतो. कॅम्पातल्या अर्जदाराला फाइल काखोटीला मारून स्वतःच हेलपाटे घालावे लागत. दोघेही कायद्याने परकीयच. त्यातल्या एकाला इथे कायमचं राहायचं होतं, आणि त्याचीच वाट लांब होती.

सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे त्याने मोडीत काढले. पण आपण परकीय नाही हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं, हे १९४६ चं कलम नव्या कायद्यातही कायम आहे. झमिनदार यांचं पुस्तक म्हणूनच आज वाचावं.

आणि कुणीतरी पिंपरीचं प्रकरण लिहावं. तेव्हा आईबापांचं बोट धरून आलेली मुलं आता नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्या कपाटांत जुने परवाने, रेशनकार्डं, अर्जांच्या पोचपावत्या असतील. घरं नव्याने बांधताना असली कागदं रद्दीत जातात.