पाण्याची मागणी यादीत कुठे?

'सॉल्ट ऑफ द अर्थ' (१९५४) हा अमेरिकन चित्रपट संपाचा म्हणून ओळखला जातो. मला तो मागण्यांच्या यादीचा वाटतो. यादीत वर काय, खाली काय, आणि गाळायचे काय, हे ठरवणार कोण?

न्यू मेक्सिकोतील जस्ताच्या खाणीत गोरे कामगार जोडीने काम करतात. मेक्सिकन वंशाच्या कामगाराने सुरुंग एकट्याने उडवायचा. गोऱ्यांच्या घरी नळाला गरम पाणी, यांच्या बायकांनी मात्र लाकडे फोडून पाणी तापवायचे. बायका म्हणतात, पाण्याचेही मागा. पुरुष म्हणतात, ते नंतर पाहू. हे 'नंतर' आपल्या ओळखीचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांना तो प्रश्न आग्रहाने पुढे आणावा लागला होता.

मग कोर्टाचा मनाई हुकूम येतो. पिकेटिंग करणारा कामगार तुरुंगात जाणार. हुकूम कामगारांना आहे, बायकांना नाही. म्हणून बायका रांगेत उभ्या राहतात. पण त्याआधी त्यांना मतदानाचा हक्क नाही, तेव्हा युनियनची सभा तहकूब करून तिची वस्तीची सभा करावी लागते. पुढे रॅमॉन घरी कपडे वाळत घालतो, लाकडे फोडतो, तेव्हा कुठे त्याला पाण्याची मागणी समजते. पुस्तके वाचून ती समजली नसती.

हे सारे न्यू मेक्सिकोत १९५० ते १९५२ या काळात, 'एम्पायर झिंक'च्या संपात खरोखर घडले. बहुतेक भूमिकाही तिथल्याच खाणकामगारांनी व त्यांच्या बायकांनी केल्या आहेत. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हा आधीच तुरुंग भोगून आलेला. नायिका रोझाउरा रेव्हुएल्टास हिला चित्रीकरण चालू असतानाच अटक झाली. आणि चित्रपट दाखवायला नकार दिला तो प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या युनियनने! कामगार म्हटला की कामगाराचा, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चित्रपटातला गोरा संघटक प्रामाणिक आहे. पण रॅमॉनच्या घरातली हुआरेझची तसबीर त्याला ओळखता येत नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून आपल्याला वर्गसंघर्ष शिकवणारे कॉम्रेड मला इथे आठवले.

मायकेल विल्सनने पटकथेचा मसुदा खाणकामगारांपुढे ठेवला. रॅमॉनचे परस्त्रीशी संबंध आणि त्याची दारू यांवर त्यांनी हरकत घेतली, ती दृश्ये गेली. गोऱ्यांनी आमच्याविषयी हेच लिहिले, ही तक्रार रास्तच. सहानुभूतीने लिहिणाऱ्याने ऐकावे कसे, याचा हा धडा आहे. तरी मी थोडा अस्वस्थ आहे. घरची लक्तरे वेशीवर टांगली, असे आपल्या आत्मकथनांनाही आपलीच माणसे म्हणाली होती. आणि त्यातली बरीच लक्तरे बायकांच्या अंगावरची होती.

पण रॅमॉनचा एस्पेरांझावर उगारलेला हात मात्र चित्रपटात राहिला आहे. ती मागे सरत नाही. ही जुनी रीत आहे, पुन्हा असे करू नकोस, असे त्याला बजावते आणि झोपायला निघून जाते.