पाणीपुरवठा योजनेची हद्द कोठे संपते? वसई परिसराच्या संदर्भात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची चिकित्सा

धरण, कारखाना अथवा महामार्ग यांच्या प्रस्तावाकडे ज्या साशंकतेने पाहिले जाते, त्या साशंकतेने नळाच्या पाण्याच्या योजनेकडे सहसा पाहिले जात नाही. पिण्याच्या पाण्याला विरोध करणारा माणूस समाजाला क्रूर वाटतो. परिणामी पाणीपुरवठ्याच्या विकासाचे पर्यावरणीय परिणाम हा विषय अभ्यासकांकडूनही दुय्यम मानला गेला आहे. कायद्यानेही या वृत्तीला हातभार लावला. केंद्र शासनाच्या १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत आणि तिची जागा घेणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्पांचा समावेश आहे. परंतु २००६ च्या अधिसूचनेने त्यासाठी लावलेले निकष जलविद्युतनिर्मितीची क्षमता आणि सिंचनाखालील क्षेत्र हे आहेत. केवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले धरण कितीही मोठे असले, तरी ते या निकषांच्या चाळणीतून सुटते. सुटते म्हणण्यापेक्षा ते चाळणीत टाकलेच जात नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या उणिवेची चिकित्सा करण्यासाठी वसई तालुक्याइतके बोलके उदाहरण विरळा. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आणि पश्चिमेस समुद्र अशा चौकटीत हा भूभाग वसलेला आहे. त्यातील पश्चिमेकडील पट्टा केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध होता. या वाड्यांना कोणत्याही कालव्याचे पाणी नव्हते. विहीर, तिच्यावरील रहाट आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारे बावखल, एवढ्यावर शेती आणि घर दोन्ही चालत. या हिरव्या पट्ट्याच्या पूर्व कडेस, वसई रोड स्थानकालगत असलेले माणिकपूर हे नागरीकरणाचा स्पर्श लवकर झालेल्या गावांपैकी एक होय.

बावखल आणि विहीर यांचा संबंध भूजलशास्त्राच्या दृष्टीने समजून घेणे आवश्यक आहे. किनारी प्रदेशात गोडे पाणी हलके असल्यामुळे जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तिच्या बळावर खाली सुमारे ४० मीटर जाडीचा गोडा थर टिकू शकतो. याची दुसरी बाजू अशी की, वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खारे पाणी कितीतरी अधिक वर सरकते. वसईत वाळूचा थर मर्यादित असून खाली बेसाल्ट खडक आहे. त्यामुळे हे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू होणार नाही. तथापि उपशाची दिशा आणि परिणामाची दिशा बदलत नाही. बावखल हे या समतोलाचे साधन होते. गावकऱ्यांनी सूत्र मांडले नव्हते, पण व्यवस्था उभी केली होती.

हा समतोल १९८० च्या दशकात उघडपणे ढळला. रेल्वेलगत उभ्या राहिलेल्या वसाहतींना नळाचे पाणी नव्हते. ते पश्चिम पट्ट्यातील विहिरींतून टँकरने विकत आणले जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पाण्याचा हा उपसा आणि नियोजित नागरीकरण हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पाण्याचा प्रश्न जमिनीच्या वापरापासून तोडता येत नाही, हे समितीला उमगले होते. १९९० मध्ये सिडकोची या उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली, तरी नियोजनाच्या कागदपत्रांत पाणी हा 'पायाभूत सुविधा' या सदरात आणि शेती 'हरित क्षेत्र' या सदरात, अशी फारकत कायम राहिली.

यानंतर सूर्या नदीचे पाणी आले. येथे चिकित्सेने न्याय्य असावयास हवे. दूरच्या धरणातील पाणी नळाने आल्यामुळे स्थानिक विहिरींवरील टँकरचा भार हलका होतो, हा खरा पर्यावरणीय लाभ आहे आणि कोणत्याही मूल्यांकनात तो जमेच्या बाजूला मांडला पाहिजे. प्रश्न उरतो तो खर्चाच्या बाजूचा. विक्रमगड तालुक्यातील धामणी धरण व त्याखालील कवडास बंधारा मिळून झालेला सूर्या प्रकल्प मूलतः सिंचनासाठी योजलेला होता आणि त्याचे लाभक्षेत्र मुख्यतः डहाणू-पालघर भागातील आदिवासी शेतकऱ्यांचे होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक योजना दररोज ४०३ दशलक्ष लिटरची असून त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. वर्षाचा हिशेब केल्यास हे पाणी सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर भरते. धामणीचा साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर आहे. पावसाळ्यात वाहत्या प्रवाहातूनही उचल होते, म्हणून या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नाही. पण वसई-विरारच्या आधीच्या योजनाही याच नदीवर आहेत, हे लक्षात घेता पाणी कोठून कमी होणार हा प्रश्न टाळता येत नाही. प्रकल्प १९९४ पूर्वीचा, वापरातील बदल नंतरचा. आणि वापर बदलला म्हणून नव्याने मूल्यांकन करण्याची सक्ती नाही. सिंचनाचे पाणी शहराकडे वळविणे हा पर्यावरणीय निर्णय असूनही तो प्रशासकीय वाटपाचा विषय समजला जातो. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, तेव्हा ही समजूत अधिकच पक्की झाली.

भूगोलाचा एक साधा तपशील या संदर्भात दुर्लक्षिला जातो. सूर्या ही वैतरणेची उपनदी आहे आणि वैतरणा वसईच्या उत्तर सीमेवर अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. म्हणजे सूर्येचे पाणी नळ येण्यापूर्वीही वसईच्या वेशीपर्यंत येतच होते. खाडीत ते भरतीच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटण्याचे आणि मत्स्यजीवनाला आवश्यक तो निमखारेपणा राखण्याचे काम करीत होते. नळातून येणारे पाणी हे काम करीत नाही. 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा शब्दप्रयोग अभियंत्यांच्या अहवालांत जितक्या सहजतेने येतो, तितक्या सहजतेने तो खाडीकाठच्या कोळ्याच्या तोंडी येणार नाही.

नळाच्या पलीकडील परिणामांचीही हीच उपेक्षा आहे. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होते, हे नियोजनातील रूढ गृहीतक आहे. त्या हिशेबाने १८५ दशलक्ष लिटर नवे पाणी दररोज १४८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण करते. विरारजवळ बोळिंज येथील शुद्धीकरण केंद्राची क्षमता ३० दशलक्ष लिटर आहे. उरलेले पाणी नाले आणि खाड्या यांच्या वाट्याला जाते. पाणी आणणारी यंत्रणा वेगळी आणि घाण पाणी वाहून नेणारी वेगळी असल्यामुळे पहिलीच्या अहवालात दुसरीचा भार नोंदला जात नाही.

मूल्यांकनाच्या पद्धतीतच काही मर्यादा आहेत. लिओपोल्ड व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी मांडलेली सारणी आजही अभ्यासक्रमांत आदर्श म्हणून शिकविली जाते. तिच्यात १०० प्रकारच्या कृती आणि ८८ पर्यावरणीय घटक समोरासमोर ठेवून प्रत्येक चौकटीत आघाताची तीव्रता व महत्त्व नोंदविले जाते. खोदकाम, भराव, प्रवाहबदल अशा कृतींसाठी ही सारणी उपयुक्त आहे. मात्र वसईतील सर्वांत दूरगामी परिणाम कोणत्याही कृतीतून झालेला नाही. तो गरज संपल्यामुळे झाला आहे. घरात नळ आला की विहिरीचा गाळ काढण्याचे कारण उरत नाही. विहीर सुटली की तिला पाणी पुरविणारे बावखल ही निरुपयोगी, डासांची जागा ठरते, आणि जमिनीचे भाव चढलेल्या परिसरात निरुपयोगी खड्डा बुजविण्यास फार दिवस लागत नाहीत. बुजलेल्या बावखलांमुळे मुरणे थांबते आणि पावसाचे पाणी रस्त्यावर येते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, त्याची कारणे अनेक होती. त्यांत पाणी साठविणाऱ्या जागांचा लोप हे एक कारण मानावेच लागेल. पाणीपुरवठ्याची योजना आणि पूर यांचा संबंध दाखविणारी चौकट मात्र सारणीत नाही.

आधाररेषेचा प्रश्नही बिकट आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि भूजलाचे अंदाज पाणलोटनिहाय मांडले जातात. डोंगराचा पायथा आणि किनाऱ्याची अरुंद पट्टी एकाच सरासरीत आली, तर पट्टीतील खारेपणा त्या सरासरीत विरून जातो. शिवाय पातळी आणि क्षारता या भिन्न गोष्टी आहेत: विहिरीत पाणी भरपूर असूनही ते पानवेलीच्या कामाचे नसू शकते. पश्चिम पट्ट्यातील निवडक विहिरींची मे महिन्यातील क्षारता, कवडासखालील प्रवाह आणि वैतरणा खाडीतील खारेपणा यांची एकत्र, अखंड नोंद ठेवणे खर्चिक नाही. माणिकपूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन विज्ञान विभागांच्या आवाक्यातील हे काम आहे. त्यासाठी लागणारी उपकरणे बहुतेक रसायनशास्त्र प्रयोगशाळांत असतात. अडचण आहे ती योजनेची हद्द धरणापासून टाकीपर्यंतच आखण्याच्या प्रघाताची, आणि तो प्रघात निविदेच्या कागदातून मूल्यांकनाच्या अहवालात जसाच्या तसा उतरत आला आहे.