भावचिन्हे आणि फावल्या वेळचे खेळ : एका सुलभतेची चिकित्सा

महाजालावरील नित्याच्या सवयींवर जी टीका होते ती बहुधा दोन आक्षेपांभोवती फिरते : भाषा बिघडते आणि वेळ वाया जातो. हे आक्षेप निराधार नव्हेत. पण ते वरवरचे आहेत. पहिला आक्षेप लेखनाच्या बहुतेक नव्या साधनांवर घेतला गेला आहे आणि दुसरा पत्त्यांच्या डावालाही तितकाच लागू पडतो. या सवयींचा खरा दोष निराळा आहे. त्यांत साधन हळूहळू साध्याची जागा घेते, आणि कार्य न घडताच ते पार पडल्याचे समाधान मिळते. इमोटिकॉन व इमोजी ही भावचिन्हे आणि फोनवरील हलकेफुलके खेळ, ही या दोषाची दोन ठळक उदाहरणे होत.

भावचिन्हांचा उगम अगदी माफक हेतूतून झाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर थट्टेने लिहिलेला मजकूर कित्येकदा गंभीरपणे घेतला जाई. त्यावर उपाय म्हणून संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम, आडवी रेघ व कंस यांनी बनलेला हसरा चेहरा सुचविला. पुढे १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रचिन्हे सिद्ध केली. प्रत्येक चिन्ह १२ गुणिले १२ बिंदूंच्या चौकटीत बसविलेले होते. २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीने अशा चिन्हांना जागतिक लिपिसंकेतात स्थान दिले, आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्ड कोशकारांनी आनंदाश्रू ढाळणारा चेहरा हाच वर्षाचा ‘शब्द’ ठरविला. वाक्याच्या शेवटी सूचनेपुरती उभी राहिलेली खूण ३३ वर्षांत शब्दाच्या आसनावर बसली.

या स्थित्यंतराची मीमांसा करण्यास भारतीय काव्यशास्त्रातील परिभाषा उपयोगी पडते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोषांची गणना करताना आरंभीच स्वशब्दवाच्यतेचा निर्देश केला आहे. भावाचे नुसते नाव घेतल्याने त्याची प्रतीती होत नाही. विभाव व अनुभाव यांच्या द्वारा तो व्यंजित व्हावा लागतो, हे त्यातील तत्त्व. भावचिन्ह हे बहुतांशी भावाचे नाव घेण्याचेच काम करते. यावर अशी शंका संभवते की, चित्रातील अश्रू हे शोकाचे नाव नसून त्याचा अनुभाव आहे. शंका योग्य आहे. पण तिनेही दोष टळत नाही. अश्रू शोकाचे, आनंदाचे की धुराचे, हे विभावावाचून ठरत नाही. म्हणूनच, विभाव-अनुभावांची कल्पना कष्टाने करावी लागणे हाही दोष मम्मटाने त्याच ठिकाणी सांगितला आहे. पेन फुटले तरी तोच रडका चेहरा आणि घरचे माणूस गेले तरी तोच, अशी स्थिती झाली म्हणजे हा दोष पुरा होतो.

कष्टकल्पनेचा प्रत्यय व्यवहारातही येतो. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की, एकच चित्र समोर असूनही ते अनुकूल भावाचे, प्रतिकूल की तटस्थ, याविषयी सुमारे एक-चतुर्थांश प्रसंगी वाचकांत मतभेद होतो. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात तर अशा मतभेदाचा निवाडा न्यायालयास करावा लागला. जवसाच्या खरेदीचा करार पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास एका शेतकऱ्याने उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह धाडले. करार पोहोचला एवढाच आपला आशय होता, असे शेतकऱ्याचे म्हणणे. २०२३ मध्ये न्यायालयाने मात्र ती संमती मानून त्यास सुमारे ८२ हजार डॉलरांची भरपाई देण्यास सांगितले. गैरसमज टाळण्यासाठी जन्मलेली खूण येथे स्वतःच गैरसमजाचे कारण झाली.

मराठी पत्रलेखनातही ठराविक सांकेतिक अक्षरे होतीच, ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ यांत तरी कोणता व्यक्तिगत भाव होता, असे कोणी विचारील. त्याचप्रमाणे विरामचिन्हेही एकोणिसाव्या शतकात बाहेरूनच मराठीत आली. परंतु हे साम्य अपुरे आहे. पत्राचे मायने पत्राच्या दोन टोकांस असत आणि मधली जागा लेखकास मोकळी सोडीत; विरामचिन्ह वाक्याची सेवा करते, वाक्यावाचून ते उभे राहू शकत नाही. भावचिन्ह मात्र ती मधली जागाच व्यापते. निधनाच्या वार्तेखाली जोडलेल्या हातांच्या रांगा लागतात. गेलेला माणूस कसा होता हे त्यांतून कोणीच सांगत नाही. दोन साध्या ओळी लिहू पाहणाऱ्यास त्याच्याविषयी काहीतरी आठवावे लागले असते. त्या आठवण्यालाच येथे फाटा मिळतो.

प्रतिसादाच्या क्षेत्रात जे घडले तेच क्रीडेच्या क्षेत्रातही घडले आहे. योहान हौझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा स्वेच्छेचा आणि स्थळकाळाची मर्यादा असलेला व्यापार मानला. २०१२ मध्ये आलेल्या ‘कँडी क्रश सागा’चा विचार या कसोटीवर करण्याजोगा आहे. त्यात खेळणाऱ्यास पाच ‘जीव’ मिळतात. एखादी पातळी हुकली की एक जीव जातो आणि तो भरून यावयास अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसल्यास पैसे मोजावेत किंवा मित्रांकडे याचना करावी. पातळ्या अनेक हजार आहेत आणि त्यांत भर पडतच असते. डाव संपतो, खेळ संपत नाही. फावला वेळ भरून काढण्यासाठी घेतलेला खेळ अशा रीतीने प्रतीक्षा निर्माण करतो आणि मग तीच विकतो.

या प्रकाराचे उत्तम विडंबन इयन बोगोस्ट यांनी २०१० मध्ये ‘काऊ क्लिकर’ या खेळाने केले. दर सहा तासांनी एका गाईच्या चित्रावर बोट दाबावयाचे, एवढाच तो खेळ. उपहासासाठी रचलेली ही कृती हजारो लोक मनापासून खेळू लागले. २०११ मध्ये कर्त्याने सर्व गाई नाहीशा केल्या, तरी काहीजण रिकाम्या जागेवर बोट दाबीतच राहिले. साध्य लोपूनही साधन कसे उरते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

यावरून चिन्हे वा खेळ त्याज्य ठरतात, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. घाईच्या निरोपात हसऱ्या चेहऱ्याने कटुता टळते. दिवसभराच्या श्रमानंतर क्षुल्लक खेळही विसावा देतो. विवेक करावयाचा तो इतकाच : चिन्ह वाक्याच्या सोबतीस आहे की वाक्याऐवजी, आणि खेळ खेळणाऱ्याच्या इच्छेने थांबतो की नाही. साहित्याच्या अभ्यासकास यांतील पहिला प्रश्न अधिक निकटचा आहे. भाव शब्दांत उतरविण्याच्या धडपडीतच तो पुष्कळदा स्वतःला प्रथम कळतो. ती धडपड वाचविणारी सुलभता काळाची बचत करीत असेल. पण जे कळावयाचे होते ते न कळताच राहते.