टायर सुटतो त्या क्षणी

पहिल्या पावसात ज्याची दुचाकी एकदा तरी घसरली आहे, त्याला पकड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आपण खाली पडतो ते क्षणात. पण त्याच्या अर्धा सेकंद आधी काहीतरी कळलेलं असतं. हँडल हलकं पडतं, मागचं चाक किंचित भलतीकडे जातं आणि पोटात गोळा येतो. रेसिंगचा एखादा खेळ कितपत खरा आहे, हे मी त्या अर्ध्या सेकंदावरून ठरवतो. तो खेळात असेल तर चित्रं कशीही चालतील. नसेल तर बॉनेटवर पडलेलं झाडाचं प्रतिबिंब कितीही हुबेहूब असो, मला त्याचं काही नाही.

पीसीवाले आणि कन्सोलवाले यांचं भांडण जुनं आहे. पीसीवाल्यांच्या मते कन्सोलवरचं रेसिंग म्हणजे जत्रेतल्या टक्कर देणाऱ्या गाड्या. कन्सोलवाल्यांच्या मते पीसीवरचं सिम्युलेटर (सिम) म्हणजे टायरच्या हवेचा हिशेब लिहीत बसलेला कारकून. दोन्ही टोमण्यांत थोडं तथ्य आहे, कारण ही दोन घराणीच वेगळी आहेत.

पीसीचं घराणं अभियंत्यांचं. जेफ क्रॅमंड यांनी 1984 साली बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकावर ‘रेव्ह्ज’ केला, तेव्हा पडद्यावर धड झाड काढायचीही सोय नव्हती. तरी गाडीचं वागणं गणितातून यावं हा हट्ट होता. अमेरिकेत डेव्हिड केमर यांच्या पपायरस कंपनीने 1989 मध्ये ‘इंडियानापोलिस 500’ आणला आणि 1998 मध्ये ‘ग्रां प्री लेजंड्स’. हा दुसरा खेळ म्हणजे या कलेतलं एक वेडं धाडस. त्यात फॉर्म्युला वनचा 1967 चा हंगाम होता: गाड्यांना पंख नाहीत, टायर अरुंद, ताकद अफाट. नवशिक्याने जरा जोरात ॲक्सिलरेटर दाबला की लोटस स्वतःभोवती गिरकी घेऊन गवतात. लोकांनी खेळ विकत घेतला, पहिल्या वळणावर दहादा आपटले आणि डबा माळ्यावर टाकला. विक्री पडली. जे चिकटून राहिले त्यांना मात्र कळलं, की ही गाडी चाकाने कमी आणि पायाने जास्त वळवायची असते.

कन्सोलचं घराणं शौकिनांचं. काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ डिसेंबर 1997 मध्ये जपानात आला. स्वतःला ‘द रिअल ड्रायव्हिंग सिम्युलेटर’ म्हणवून घ्यायला त्याने पहिल्या दिवसापासून कमी केलं नाही. त्या काळच्या प्लेस्टेशनवर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आणि मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी हातात वेगवेगळी लागणं ही थोर गोष्ट होती, आणि जगभरच्या लाखो पोरांना हा फरक यामाउचींनी शिकवला. पण त्याच खेळात वळणावर ब्रेक न मारता शेजारच्या गाडीला गादीसारखं टेकून पार होता येत असे, आणि तुमच्या गाडीवर ओरखडासुद्धा उठत नसे. आपली गाडी चेपलेली दिसणं कुठल्या कंपनीला आवडेल? खऱ्या गाड्यांची नावं वापरायची तर त्यांच्या मालकांची मर्जी राखावी लागते. यामाउचींना गाडी ही वस्तू म्हणून मोहवते: तिचा रंग, तिच्या दिव्यांची घडण, तिचा वंश. ग्रॅन टुरिस्मो हे आजही सुंदर संग्रहालय आहे, आणि संग्रहालयात वस्तूंना धक्का लागलेला चालत नाही.

सगळ्याचं मूळ असतं तळहाताएवढ्या जागेत, टायर रस्त्याला जिथे टेकतो तिथे. चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि चाक प्रत्यक्षात जरा वेगळ्या दिशेला सरकत असतं. या दोन दिशांमधला कोन वाढत जातो तशी पकड आधी वाढते, एका शिखरापर्यंत पोहोचते आणि मग उतरू लागते. चांगला चालक त्या शिखराच्या अलीकडे-पलीकडे गाडी नाचवतो. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात, म्हणून शिखराची जागाही दर क्षणाला हलते. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेयका यांनी हा चढउतार एका सूत्रात बसवला. त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात, आणि नावातली थट्टा रास्त आहे: सूत्रातले आकडे मोजमापांशी जुळवून घेतलेले असतात, रबर असं का वागतं हे ते सांगत नाही. केमर पुढे आयरेसिंग या पीसीवरच्या सिमकडे वळले आणि तिथे रबर मुळापासून मांडण्याच्या नादी लागले. पंधराएक वर्षं त्या टायरची दुरुस्ती चालूच आहे. शिखर ओलांडलं की गाडी बर्फावर गेल्यासारखी सुटते, ही खेळाडूंची जुनी तक्रार मला पटते. खरा टायर एवढा सूड उगवत नाही. अवघड म्हणजे खरं, हा पीसीवाल्यांचा लाडका गैरसमज आहे.

आकड्यांच्या फुशारकीलाही फारसा अर्थ नाही. आयरेसिंग सेकंदाला 360 वेळा गाडीचं गणित करतो. एक्सबॉक्सवरचा ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ कित्येक वर्षांपासून तेच करतो, तोही सेकंदाला 360 वेळाच. तरी दोघांत बसल्यावर वाटतं, की एकात गाडी आहे आणि दुसऱ्यात गाडीची आठवण.

याचं कारण बरंचसं हातात काय आहे त्यात असतं. कंट्रोलरची काडी अंगठ्याने दोन्हीकडे मिळून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर हलते. गाडीचं स्टिअरिंग दोन-अडीच फेरे फिरतं. हे अंतर कोणीतरी भरून काढावं लागतं आणि ते खेळ करतो. वेग वाढला की तो तुमचा अंगठा मंद करतो, गाडी सुटू लागली की गुपचूप उलटं स्टिअरिंग देतो. फोर्झा हे काम इतक्या सफाईने करतो, की माणसाला आपणच शुमाकर असल्याचा भास होतो. मी याला फसवणूक म्हणणार नाही. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून खेळायच्या गोष्टीत ही मोठी कारागिरी आहे. मात्र माझा अर्धा सेकंद तिथे खेळाने परस्पर वापरून टाकलेला असतो.

आपल्याकडे यात आणखी एक गंमत आहे. इथे पीसीवर रेसिंग खेळणाऱ्या बहुतेकांनी सुरुवात कीबोर्डवर केली. सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’. बाणाची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. मधलं काही नाही. कीबोर्डवर सिम लावून वास्तवाच्या गप्पा मारण्यापेक्षा कन्सोलचा साधा कंट्रोलर शंभर पटीने खरा. मी स्वतः बरीच वर्षं जेवणाच्या टेबलाला लॉजिटेकचं जुनं चाक आवळून खेळलो. क्लॅम्पच्या खुणा टेबलावर अजून आहेत आणि त्यांचा उल्लेख घरात अजून होतो. आता थेट मोटरवर बसवलेली चाकं मिळतात आणि पाय किती सरकला यापेक्षा दाब किती दिला हे मोजणारे ब्रेक मिळतात. त्यांच्या किमती ऐकून जुनी मारुती 800 घ्यावी आणि घाटात जावं, असंही वाटून जातं.

कन्सोलला कमी लेखणाऱ्यांसमोर मी एक खेळ ठेवतो. 2001 चे विश्वविजेते रॅलीपटू रिचर्ड बर्न्स यांच्या नावाचा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ 2004 मध्ये आला. त्याचं भौतिकशास्त्र एरो पीटुलाइनेन यांनी रचलं. खडी, बर्फ आणि डांबर यांतला फरक त्यात चाकातून हातात येतो, आणि झाडाला धडकलं की रेडिएटर फुटतो. रॅलीचं याहून कठोर आणि याहून सच्चं चित्र त्याआधी नव्हतं. मुख्य म्हणजे हा खेळ पीसीबरोबर प्लेस्टेशन 2 आणि एक्सबॉक्सवरही निघाला होता. म्हणजे 2004 सालचं कन्सोल हे पेलू शकत होतं. यंत्राची कुवत नाही, हे कारण तेव्हाच बाद झालं.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. खेळ बनवणारी वॉरथॉग कंपनी टिकली नाही. बर्न्स यांचं 2005 च्या नोव्हेंबरमध्ये मेंदूतल्या गाठीने निधन झालं. कन्सोलवरची आवृत्ती डिस्कवर होती तशी राहिली. पीसीवरची मात्र खेळाडूंनी उघडली. कुणी टायरचं गणित नव्याने लिहिलं, कुणी नव्या गाड्या केल्या, कुणी खऱ्या रॅलीतले रस्ते वळणावळणाने उभारले. पुढे आभासी चष्म्याचीही सोय झाली. बहुतेकांनी हे फुकट केलं. वीस वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर आजही स्पर्धा होतात, आणि अनेक जाणकार रॅलीचं सर्वांत खरं सिम म्हणून अजून त्याच्याकडेच बोट दाखवतात. माझंही मत तेच आहे.

म्हणून वास्तवाचा निकाल आता यंत्रावर लागत नाही; खेळात हात घालायची मुभा कोणाला आहे, यावर लागतो. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन भारतीय ग्रां प्री झाल्या आणि फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळांतही तो ट्रॅक आला. शर्यत बंद पडली तसा तो पुढच्या खेळांतून गेला. कन्सोलवाल्यांना तो हवा तर जुनी डिस्क शोधावी लागते. पीसीवर ‘असेटो कोर्सा’साठी खेळाडूंनीच बनवलेला बुद्ध आहे. इटालियन कुनोस कंपनीने 2014 मध्ये हा खेळ पूर्ण केला आणि 2016 मध्ये कन्सोलवर नेला. गणित तेच, पण मॉडची, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या बदलांची, दारं तिथे बंद.

एका बाबतीत कन्सोलने पीसीचं शहाणपण उचललं आणि ते बरं झालं. आयरेसिंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला जोरात ठोकलं, गाडी फिरली, ट्रॅक सोडला, या प्रत्येकाचे दोषगुण चढतात आणि तुमचा परवाना खाली येतो. ग्रॅन टुरिस्मोला गादीसारखं टेकून वळण्याची जुनी सवय होती. त्याच मालिकेच्या 2017 च्या ‘स्पोर्ट’ भागाने खेळाडूच्या वर्तनाला श्रेणी देणं सुरू केलं. शर्यतीतलं भय परिणामांतून येतं. 2020 च्या टाळेबंदीत फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेने आपल्या चालकांच्या शर्यती आरफॅक्टर 2 या सिमवर घेतल्या. डॅनियल आब्ट याने स्वतःच्या जागी एका सराईत सिम रेसरला बसवलं. ते उघडकीस आलं आणि त्याला ऑडीच्या खऱ्या गाडीतली जागा गमवावी लागली. खोट्या रस्त्यावर याहून खरा अपघात मला ठाऊक नाही.

कन्सोलच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष जीटी अकॅडमीची. ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांतून निवडून चालक घडवणाऱ्या या उपक्रमाचा पहिला विजेता लुकास ऑर्डोन्येझ 2011 मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. यान मार्डेनबरो 2013 मध्ये तिथेच गटात तिसऱ्या क्रमांकावर होता. खेळाने त्यांना मोटारीचा टायर दिला नाही; नजर कुठे ठेवायची आणि ब्रेक कुठे सोडायचा हे दिलं, आणि ते कंट्रोलरवरही शिकता येतं हे मान्य करायला हवं. मार्डेनबरोवरचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा चित्रपट 2023 मध्ये आला. त्याच्या 2015 च्या न्युर्बुर्गरिंगवरच्या अपघातात एक प्रेक्षक दगावला होता. चित्रपटाने तो अपघात उचलून ल मांच्या यशाच्या आधी नेऊन ठेवला. खेळाच्या खरेपणाचे गोडवे गाणाऱ्या पटकथेने कालक्रम असा फिरवावा, हे मला खटकलं.

नव्याने सुरुवात करणारे मला विचारतात, काय घेऊ? हातात कन्सोल असेल तर ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ घ्या. नव्या पिढीच्या कन्सोलवर त्याच्या फ्रेम सेकंदाला 60 झाल्या आहेत आणि चाक लावलं तर पीसीशी फरक शोधावा लागतो. चाक घेताना ते तुमच्या यंत्रावर चालतं का ते आधी पाहा: लॉजिटेकचं जी 29 प्लेस्टेशनला चालतं, एक्सबॉक्सला जी 920 लागतं, आणि पीसीला दोन्ही चालतात. गाड्यांवर जीव असेल तर ग्रॅन टुरिस्मो घ्या, पण अर्धा सेकंद तिथे शोधू नका. साधा पीसी आणि जुनं चाक असेल तर मात्र वीस वर्षांपूर्वीची रॅली. ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा 31 जानेवारी 2024 रोजी बंद झाली, ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ला त्यानंतरही नवे रस्ते मिळत राहिले आहेत.