वझेबुवांच्या तबकड्या : एक ऐकणे

आवाजाची गोडी म्हणजेच गायनाची गोडी, असे आपल्याकडचा सर्वसामान्य श्रोता गृहीत धरून चालतो. या गृहीताला धक्का देणाऱ्या ध्वनिमुद्रिका मराठी मुलखात फारशा नाहीत. ज्या आहेत त्यांत गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अग्रभागी ठेवाव्या लागतील. त्यांचेच समकालीन अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या चहाच्या हॉटेलांतूनही वाजल्या. बुवांच्या मात्र संग्राहकांच्या कपाटात राहिल्या. याचे कारण उघड आहे. बुवांचा आवाज खडबडीत, काहीसा घोगरा आहे, आणि तो लपवण्याचा कोणताही प्रयत्न ते करीत नाहीत.

सावंतवाडीकडचा हा माणूस गाण्यासाठी उत्तरेत वणवण हिंडला, ग्वाल्हेरच्या निसार हुसेन खाँकडे शिकला आणि अनवट रागांचा मोठा साठा घेऊन परतला. ‘ललितकलादर्श’च्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. मास्टर दीनानाथांसारखा शिष्य त्यांना लाभला. हा तपशील रसिकांना ठाऊक आहेच. प्रश्न आहे तो तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या एका बाजूचा.

माझ्याकडे त्यांच्या तिलक कामोदाची प्रत आली ती कुणी कुणाकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर, म्हणजे सुईची खरखर अधिक कॅसेटची खरखर अशा दुहेरी आवरणात. सरकारी नोकरीतल्या बदल्यांबरोबर ती कॅसेट बिदर-गुलबर्गा भागात माझ्यासोबत फिरली. पहिली काही वर्षे ती मी कर्तव्यबुद्धीने ऐकत असे. मोठ्या गवयाचे आहे, ऐकले पाहिजे, एवढेच. तिलक कामोद हा राग आपल्या कानांना लाडिक वळणांचा म्हणून परिचित. त्याची चाल वक्र, आणि मंद्र निषादावरची त्याची विश्रांती एखाद्या ठुमरी गाणाऱ्याच्या गळ्यात किती मृदू होते! बुवांकडे हा लाडिकपणा शोधू जावे तर हाती काहीच लागत नाही.

पुढे केव्हातरी ध्यानात आले की ते राग आळवीत नाहीत, मांडतात. पहिल्या क्षणापासून लय पकडलेली आहे. शब्द तालावर आपटून, तोडून, पुन्हा जुळवून समेवर आणले जातात. तानेला तयारी आहे, पण ती दाखवण्यासाठी नाही. ती चिजेच्या बोलांतूनच फुटते आणि तिथेच परतते. तबकडीची वेळ संपत आली म्हणून उरकलेले गाणे आणि तेवढ्याच वेळेसाठी घडवलेले गाणे यांत जो फरक असतो तो इथे कळतो. एकही स्वर भरतीचा नाही. निषादावर ते थांबतात तेही क्षणभर, पाऊलवाटेवर दगड कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखे.

आमच्या कोहिनूरकडच्या माणसाला हे समजायला खरे तर सोपे जावे. इकडच्या भजनात पहाटेपर्यंत गाऊन गळे बसलेले असतात. तिथे कुणी आवाजाच्या मार्दवाची चौकशी करीत नाही. स्वर जागेवर लागला का आणि टाळाशी जमले का, एवढेच पाहतात. हाच कान आपण शास्त्रीय गाणे ऐकताना घरी का ठेवून येतो, कोण जाणे. मैफलीला जाताना इस्त्रीचा सदरा घालतो तसा बहुधा वेगळा कानही घालतो.

पाश्चात्त्य देशांतही हा वाद वेगळ्या रीतीने झाला. १९७६ साली न्यूयॉर्कच्या रामोन्स या चौघांची पहिली तबकडी निघाली : चौदा गाणी, अवघी एकोणतीस मिनिटे, आवाज ओबडधोबड, वाद्ये कर्कश. पंक म्हणून ओळखल्या गेलेल्या या संगीताची ती एक सुरुवात. तेव्हा ती फारशी खपली नाही. तिचा मोठेपणा लोकांना सावकाश पटला. थोडक्यात सांगणे आणि गुळगुळीतपणाला नकार देणे, इथपर्यंत साम्य खरे. त्यापुढे वाटा वेगळ्या होतात. त्या तरुणांनी तालमीचा दिमाखच नाकारला होता. बुवांच्या खडबडीत आवाजामागे मात्र वर्षानुवर्षांची तालीम उभी आहे, आणि तालीम असूनही आवाज गोड झाला नाही हे त्यांनी निमूट स्वीकारले आहे. म्हणून त्यांच्या गाण्यात बंडाचा आविर्भाव नाही. मला ते अधिक धीट वाटते.

सगळ्याच तबकड्या सारख्या तोलाच्या आहेत असे मात्र म्हणवत नाही. त्यांचा मियाँ मल्हार नावाजलेला आहे, तरी तो मला आजही तितकासा भिडत नाही. त्या रागातील कोमल गंधाराचे आंदोलन आणि दोन निषादांचा मंद्रातला खेळ सवड मागतो. तीन मिनिटांत बुवांच्या आक्रमक गायकीला ती सवड काढता येत नाही. आकाश भरून येण्यापूर्वीच पाऊस पडून जातो. एखाद्या जाणकाराला हे मत पटणार नाही. न पटो. भास्करबुवा बखल्यांचे वा अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे तबकडीवर उतरलेच नाही, त्यांच्याविषयी आपण आठवणींच्या आधारे बोलतो; बुवांविषयी निदान ऐकून भांडता येते.

अलीकडे या तबकड्या संगणकावर सहज मिळतात. त्यांच्या काही प्रती खरखर काढून टाकून स्वच्छ केलेल्या आहेत. तिलक कामोदाची अशी एक प्रत मी मुद्दाम जुनी कॅसेट शेजारी ठेवून ऐकली. सुईचा आवाज गेला आहे खरा, पण त्याबरोबर बुवांच्या आवाजाची धारही बोथट झाली आहे. बोल तोडतानाचा जो घासल्यासारखा नाद होता तो यंत्राने खरखर समजून पुसला असावा. ज्यांना शक्य असेल त्यांनी न स्वच्छ केलेली प्रत मिळवावी, आणि आवाज थोडा मोठा ठेवून ऐकावी.