निवड आणि नकार : स्व्यातोस्लाव रिख्टर यांच्या कार्यक्रमरचनेचा विचार

प्रास्ताविक

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पियानोवादकाचे मूल्यमापन करताना समीक्षेचा भर सामान्यतः स्पर्श, लय आणि तंत्र यांवर असतो. वादकाने काय वाजवले यापेक्षा ते कसे वाजवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला जातो. वस्तुतः कोणती रचना निवडावी, ती कोणत्या रचनेशेजारी ठेवावी आणि कोणती कधीच वाजवू नये, हे निर्णयही अर्थनिर्णयनाचाच भाग असतात. स्व्यातोस्लाव रिख्टर (१९१५-१९९७) यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. वादक हा रचनाकाराच्या लिखित संहितेचा केवळ पालनकर्ता होय, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेचे त्यांच्या कार्यक्रमरचनेशी असलेले नाते तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

युक्रेनमधील झितोमिर येथे जन्मलेले रिख्टर ओडेसा शहरात वाढले. रीतसर शिक्षण फारसे न घेता ते तेथील ऑपेरागृहात तालमींचे साथीदार झाले. संपूर्ण वाद्यवृंदाची संहिता पियानोवर वाचण्याची सवय त्यांना येथेच लागली. १९३७ मध्ये ते मॉस्को येथे हाइनरिख नॉयहाउस यांचे शिष्य झाले. प्रोकोफिएव्ह यांचा सातवा सोनाटा १९४३ मध्ये त्यांनी प्रथम सादर केला. नववा सोनाटा तर रचनाकाराने त्यांनाच अर्पण केला. पश्चिमेकडील देशांत वादन करण्याची संधी मात्र त्यांना १९६० मध्ये मिळाली. तोपर्यंत त्यांचे वय पंचेचाळीस झाले होते आणि त्यांची अभिरुची परिपक्व झाली होती. त्यामुळे तेथील संगीतव्यवसायाच्या मागणीने ती घडवली नाही, असे म्हणता येईल.

समग्रतेला नकार

विसाव्या शतकात एखाद्या रचनाकाराचे समग्र वादन हा वादकाच्या अधिकाराचा निकष बनला. आर्टूर श्नाबेल यांनी १९२७ मध्ये बर्लिन येथे बेथोव्हनचे सर्व ३२ सोनाटे सादर केले आणि पुढे १९३२ ते १९३५ या काळात त्यांचे ध्वनिमुद्रण केले. आल्फ्रेड ब्रेंडेल यांनी हा संच तीनदा ध्वनिमुद्रित केला. रिख्टर यांनी हा मार्ग नाकारला. 'मूनलाइट' व 'वाल्डश्टाइन' हे अतिपरिचित सोनाटे त्यांनी मैफलीत घेतले नाहीत. बेथोव्हनच्या पाच पियानो कॉन्चेर्टोंपैकी त्यांनी केवळ पहिला व तिसरा वाजवला. शोपँच्या २४ प्रेल्यूडांमधूनही त्यांनी निवडकच घेतले.

हा नकार आळसातून किंवा तांत्रिक मर्यादेतून आलेला नव्हता. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'चे ४८ प्रेल्यूड व फ्यूग त्यांनी समग्र वाजवले व ध्वनिमुद्रितही केले. म्हणजेच समग्रता हे त्यांच्या लेखी कर्तव्य नव्हते; ती रचनेगणिक ठरणारी गरज होती. या धोरणाची किंमतही नोंदवणे आवश्यक आहे. केवळ रिख्टर यांच्या वादनावर विसंबणाऱ्या श्रोत्याच्या मनात बेथोव्हनचे जे चित्र उमटते, ते सखोल असले तरी अपुरे राहते.

शूबर्टचा प्रश्न

निवडीचे सामर्थ्य शूबर्टच्या बाबतीत सर्वाधिक जाणवते. शूबर्टचे दीर्घ सोनाटे मैफलीत क्वचितच ऐकू येत, त्या काळात रिख्टर यांनी त्यांना कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आणले. अखेरच्या बी-फ्लॅट सोनाट्याचा पहिला भाग ते पुनरावृत्तीसह सुमारे २४ मिनिटे वाजवीत. १९५७ मध्ये मॉस्को येथे त्यांचे हे वादन ऐकलेल्या ग्लेन गूल्ड यांना शूबर्टमधील पुनरुक्ती मुळात रुचत नसे. तरीही या वादनाने आपण संमोहित झालो, असे त्यांनी पुढे सांगितले. रिख्टर यांनी येथे पुनरावृत्तीची खूण तंतोतंत पाळली, हे खरे. परंतु लय इतकी संथ ठेवणे हा संहितेने दिलेला आदेश नव्हता, तो वादकाचा निर्णय होता. पालनकर्त्याच्या भूमिकेतील अंतर्विरोध येथे स्पष्ट होतो.

अंधारातील मैफल

उत्तरायुष्यात रिख्टर यांनी भव्य सभागृहांपेक्षा लहान स्थळांना पसंती दिली. १९७० नंतर ते अमेरिकेत गेले नाहीत. फ्रान्समधील तूर शहराजवळच्या एका जुन्या धान्यकोठारात त्यांनी १९६४ मध्ये महोत्सव सुरू केला होता. १९८६ मध्ये सायबेरियाच्या प्रवासात ते लहान गावांतूनही वाजवीत गेले. या काळात सभागृह अंधारे ठेवून, छोट्या दिव्याच्या प्रकाशात, समोर संहिता ठेवून ते वादन करीत. श्रोत्यांचे लक्ष वादकाकडे नव्हे, तर संगीताकडे असावे, हा त्यामागील विचार होता. त्याला शारीरिक कारणाचीही जोड होती. वार्धक्यात त्यांना स्वर मूळ पट्टीपेक्षा सरकलेले ऐकू येत. अशा स्थितीत स्मरणावर विसंबणे कठीण होते. तत्त्व आणि निकड यांची ही सरमिसळ त्यांच्या भूमिकेचे मोल कमी करीत नाही. मात्र परिणाम अपेक्षेच्या विरुद्ध झाला. ज्या अंधाराने वादकाला लपवायचे, त्यानेच त्याच्याभोवती गूढतेचे वलय निर्माण केले.

समारोप

रिख्टर यांनी संहितेपुढे स्वतःला पुसून टाकण्याचा आदर्श बाळगला. तथापि, संहिता निवडणारा हात पुसता येत नाही, हेच त्यांची कारकीर्द दर्शवते. त्यांचे व्यक्तिमत्त्व वादनातील लहरीपेक्षा कार्यक्रमपत्रिकेतील होकार-नकारांतून अधिक प्रकट होते. यास्तव वादकाच्या समीक्षेत कार्यक्रमपत्रिका ही केवळ माहितीची नोंद न मानता वादनाइतकेच महत्त्वाचे प्राथमिक साधन मानली जाणे इष्ट ठरेल. पाठ्यक्रमात कोणती साहित्यकृती ठेवावी व कोणती वगळावी, हे ठरवणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीतही हा विचार तितकाच लागू पडतो.