मालकाचे नाव नसलेली विहीर

२०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातील कळंबेश्वर गावी बापूराव ताजणे या दलित मजुराने ४० दिवसांत एकट्याने विहीर खोदली. पत्नीला सवर्ण मालकाच्या विहिरीवर पाणी नाकारले गेले, तेथून हे सुरू झाले. मजुरीला जाण्याआधी ४ तास आणि परतल्यावर २ तास, असा त्यांचा रोजचा क्रम. आसपासच्या ३ विहिरी आणि एक कूपनलिका कोरड्या, त्यामुळे गावाने त्यांना वेड्यात काढले. सुमारे १५ फुटांवर पाणी लागले आणि वृत्तपत्रांना आणखी एक 'मांझी' सापडला.

आमचा आक्षेप या उपमेला आहे. बिहारच्या दशरथ मांझींनी १९६० पासून २२ वर्षे डोंगर फोडला. डोंगर कुणाची जात विचारीत नाही. कळंबेश्वरला खडक नंतर लागला. आधी आडवा आला तो माणूस. उपमा दिली की हा माणूस कथेतून अलगद निसटतो. प्रस्थापित रसिकतेला घामाचे कौतुक फार, पण तो का गाळावा लागला असे विचारले की तिचा रसभंग होतो!

मालकाचे नाव बापूरावांनीही सांगितले नाही. गावात तंटा नको म्हणून. यात कुणाला औदार्य दिसेल. आम्हाला गावगाड्याचा हिशेब दिसतो. ज्याला उद्या त्याच शिवारात मजुरी शोधायची आहे, त्याला नाव घेणे परवडत नाही.

शिवाय मालकीचा हा डाव जुनाच आहे. पाण्याच्या बाबतीत १९२३ चा बोले ठराव सार्वजनिक पाणवठ्यांपुरता होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सनातनी न्यायालयात गेले ते तळे खाजगी असल्याचे सांगत. १९३७ मध्ये उच्च न्यायालयात ते हरले. पण ज्याच्या सातबाऱ्यावर खरोखरच विहीर आहे, त्याचे काय? १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदाही लोकांना वापराचा हक्क किंवा प्रवेशाची मुभा असलेल्या पाणवठ्यांबद्दलच बोलतो. 'माझी विहीर, माझी मर्जी' म्हणणाऱ्याला जातीचे नाव उच्चारावेही लागत नाही.

आणखी एक. ज्या बाईला पाणी नाकारले गेले, ती बहुतेक बातम्यांत पहिल्या परिच्छेदानंतर पुढे येतच नाही. विहिरीवरून रिकाम्या हाताने परतताना तिला काय वाटले, हे आमच्या लेखकांपैकी तरी कुणी लिहिले आहे काय?